सशाआधी जेवायचं नाही

हसू नका, असं मी सांगणार नाही. सांगून उपयोग नसतो. आमच्या देवळाच्या पुजारीबुवांचे दात गावाने कधी पाहिले नव्हते, पण हे ऐकून त्यांनासुद्धा ठसका लागला होता. तेव्हा आधी चहा संपवा, कप खाली ठेवा, मग ऐका.

माझ्या हातून घोळ पुष्कळ झालेत हो. पण ते सगळे एका पारड्यात टाका आणि हा सशाचा दुसऱ्या पारड्यात टाका. सशाचं पारडं जमिनीला टेकेल!

साल नेमकं आठवत नाही. गावात टीव्ही यायचा होता आणि ज्याच्याकडे ट्रान्झिस्टर तो मोठा माणूस, एवढं आठवतं. भंडाऱ्याजवळ शहापुरात हमरस्त्याला लागून आमचं किराणा दुकान, त्याच्या मागे घर आणि घरामागे भाजीपाल्याची सांदवाडी. माझं लग्न नवंच होतं. घरात आम्ही चौघं. हे, मी, सासूबाई आणि माझी नणंद शकू.

शकू म्हणजे सोन्यासारखी पोर. मॅट्रिक झालेली, कामाला वाघीण. खोट एकच. हसायची! आणि हसायची कशी? रस्त्यावरचा ट्रकवाला गाडी हळू करून बघेल, अशी. एका ठिकाणचे लोक पाहायला आले, मुलाच्या मामांनी पोहे खाता खाता मोठ्ठी ढेकर दिली. ही हसली. मोडलं. दुसरा मुलगा 'गाणं येतं का' विचारता विचारता स्वतःच गुणगुणायला लागला. ही हसली. तेही मोडलं.

मग पवनीचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, मुलगा शांत, पत्रिका जुळलेली. फक्त मुलाच्या आईची, मथुराबाईंची, ख्याती अशी की त्या मुलगी नंतर पाहतात, आधी घरातलं देवघर पाहतात. त्यांचा निरोप आला, "चातुर्मास सरला की येतो."

सासूबाई दाराशी बसून म्हणाल्या, "हेही गेलं, तं पोरगी घरीच राहते मा."

त्या असं कधी बोलत नसत. मी मनाशी म्हटलं, नाही! हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही. आणि माझ्या हातात काय होतं? व्रत! लहानपणापासून मी कुठल्याही संकटावर एकच औषध जाणते.

आषाढी एकादशीला संध्याकाळी आम्ही बाया देवळात जमलो, चातुर्मासाचे नेम धरायला. कुणी पळसाच्या पानावर जेवायचं ठरवलं, कुणी मुक्याने जेवायचं, कुणी गोड सोडलं. माझी पाळी आली. मी तळहातावर पाणी घेऊन म्हटलं, "माझ्या ताटातला पहिला घास मुक्या जीवाला घालीन. त्याने खाल्ल्यावरच मी जेवीन."

पुजारीबुवा म्हणाले, "कोणत्या जीवाले? संकल्पात नाव घ्या लागते बाई."

आता आली का पंचाईत! गाय म्हणावं, तर आमच्या गल्लीतल्या गाई गायक्याबरोबर सकाळी रानात जातात, त्या दिवेलागणीला परततात. कावळा पितरांचा. मांजरीला घालायची गरजच नसते, ती आपल्या हाताने घेते. तळहातातलं पाणी गळायला लागलं. तेवढ्यात मागून शकू कानाशी कुजबुजली, "सशाले म्हण ना व वहिनी!"

ससा होता खरा घरात. भंडाऱ्याच्या एका मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली, तिने जाताना तो शकूच्या पदरात टाकला होता. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, कापसाच्या गोळ्यासारखा. नावच कापसू. मी विचार केला, रंगाने पांढरा, शुद्ध शाकाहारी आणि आवाज म्हणून नाही. याच्याहून सोवळा मुका जीव मिळणार कुठे?

"सशाले," मी म्हटलं आणि पाणी सोडलं.

सोडलं म्हणजे सोडलं! आता कार्तिकीपर्यंत माझं पोट त्या चार पायांच्या हवाली झालं होतं, हे मला त्या क्षणी कळलं नाही. शकूला कळलं. ती पदर तोंडात कोंबून देवळाबाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी मी स्नान करून सोवळ्याने स्वयंपाक केला. ताट वाढलं, ताटातला पहिला घास पानावर घेतला. मऊ भात, त्यावर वरण, वर साजूक तूप.

शकू म्हणाली, "वहिनी, तो हे खात नाही. मैत्रिणीनं सांगतलं हाय, नुसतं गवत द्यायचं. गवत आन् पाला."

"व्रताचा घास गवताचा?" मी म्हटलं. "मी काय बैल बांधला आहे?"

घास म्हणजे नैवेद्यच की. तो मुक्याने कसा ठेवायचा? मी उदबत्ती लावली, सशासमोर ओवाळली आणि देवघरातली घंटा घेऊन घणघण वाजवली.

धप्प!

कापसूने मागचा पाय जमिनीवर असा आपटला की मी दचकले. मला वाटलं, रागावला. मी हात जोडले, क्षमा मागितली आणि आणखी जोरात घंटा वाजवली. धप्प! धप्प! आणि गडी गेला तांदळाच्या ढोलीमागे.

मी वाट पाहिली. हाका मारल्या. शेवटी ढोलीमागे वाकून पाहिलं, आणि काय सांगू! कापसू एका कुशीवर पडलेला. पाय ताणलेले, डोळे अर्धे उघडे, हालचाल नाही.

"बाई, धावा हो! कापसू गेला!"

बाई म्हणजे सासूबाई. त्या हातातलं सूप घेऊनच आल्या. शकू धावत आली. आणि कुंपणापलीकडच्या यमुनाकाकू, ज्यांना बोलवावं लागत नाही, त्याही आल्या.

"काय झालं व, काहून रडून राहिली?" काकूंनी विचारलं.

"मेला हो! पहिल्याच दिवशी! माह्याच हातानं!"

"गंगा आण," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मी देवघरातून गंगाजलाचं भांडं आणलं, तुळशीचं पान आणलं. पान त्याच्या तोंडाशी ठेवलं आणि वरून पाण्याचा थेंब सोडला. थेंब पडला नाकावर. कापसू शिंकला, उठून बसला, आमच्यातल्या एकेकीकडे पाहिलं, तुळशीचं पान कुरतडून खाल्लं आणि पुन्हा आडवा झाला.

"अवं, झोपला होता तो!" शकू भिंतीला टेकून हसत होती. "बिनघोर असला की ससा असाच आंग टाकते."

"डोळे उघडे ठेवून?"

"तू नाही का झोपत कीर्तनात? डोये उघडे ठिवून?"

यमुनाकाकू म्हणाल्या, "पान खाल्लं ना त्यानं? झालं. जेव आता बाई."

"ते पान तुळशीचं होतं काकू. माझ्या ताटातलं नव्हतं."

नेमात अशी पळवाट काढणाऱ्या बाया वेगळ्या. मी त्यातली नव्हे! मी ताट झाकून बसून राहिले.

हे दुकानातून जेवायला आले. दोन घास खाल्ल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"तू काहून नाही बसली?"

"ते जेवायचे आहेत अजून."

"कोण?"

मी ढोलीकडे बोट दाखवलं. यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "बाप्पा! लगन झाल्यापासून माह्यासाठी एक दिवस थांबली नाही ना व तू!"

दिवेलागणीला, घरात सामसूम झाल्यावर, कापसू बाहेर आला. आळस दिला, तोंड धुतल्यासारखे दोन्ही पंजे गालांवरून फिरवले, पानावरच्या घासाशी आला आणि वरणावरची सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची काडी तेवढी उचलून खाल्ली. मी त्याच्या शेजारी बसून थंडगार भात असा जेवले की मला विचारू नका.

मग हे रोजचंच झालं. दुपारी मी उदबत्ती लावणार, घंटा वाजवणार. तो पाय आपटून ढोलीमागे जाणार. मी संध्याकाळपर्यंत उपाशी.

आणि इकडे यमुनाकाकू! त्यांचं तोंड म्हणजे आमच्या गावाचा रेडिओ, फक्त बंद करायची कळ नसलेला. त्या विहिरीवर म्हणाल्या, "आमची सुमन एकच वेळ जेवते." ते गिरणीवर पोचेपर्यंत झालं, "दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही." हमरस्त्याच्या चहाच्या टपरीवर पोचलं तेव्हा मी मौनही धरलेलं होतं. मी! मौन! यांना गिऱ्हाइकं विचारायला लागली, "मालकीणबाईची तब्येत कशी हाय जी?" बाया हळदीकुंकू घेऊन येऊन पाया पडायला लागल्या. मी म्हणायची, "अहो, तसं नाही, तो ससा खात नाही म्हणून..." तर त्या एकमेकींकडे पाहायच्या. सशाचंही किती मनावर घेते, माउली!

खरं सांगू? थोडं मलाही पटायला लागलं होतं. कारण कापसू तसे चमत्कारच करायचा. देवघराच्या पाटाला येऊन हनुवटी घासायचा. मी म्हणायची, नमस्कार करतो. आणि एक दिवस मी चुलीपाशी उभी असताना घूं घूं करत माझ्या पायांभोवती गोल गोल फिरायला लागला.

"बाई, पाहा! प्रदक्षिणा!"

शकू म्हणाली, "वहिनी, मैत्रीण सांगे, नर ससा मादीच्या मांगं लागला की असाच फिरते."

मी तिला त्या दिवशी चहा दिला नाही.

श्रावणातली एकादशी आली. मी म्हटलं, घरात सगळ्यांचा उपास आणि याने तेवढं भात-वरण बघायचं? मी त्याला साबुदाण्याची उसळ वाढली, शेंगदाणे घालून. आणि त्या दिवशी काय झालं असेल? खाल्ली! शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले! मी आनंदाने रडले. भर दुपारी जेवले. शकू देवाला जोडते तसे मला हात जोडून म्हणाली, "हे चांगलं नाही करून राहिली तू." मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कापसू फुगून बसला. पाठीची कमान करून, डोळे मिटून, दातावर दात घासत. लेंडी नाही, पाणी नाही. संध्याकाळी आला नाही. सांबार नको, पालक नको. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि तो खात नाही, म्हणजे मी खात नाही.

यांनी मला समजावलं, रागावले, मग हात जोडले. सासूबाई दुधाची वाटी घेऊन बसून राहिल्या. मी म्हटलं, "बाई, शकूच्या लग्नाचा नेम आहे हा. आज मोडला आणि उद्या पवनीहून नकार आला, तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

त्या वेळी शकूला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. सशाला पदरात घेऊन ती त्याचं पोट हळूहळू चोळत होती.

"वहिनी, हा मरल. आन् ह्याच्यापाठी तूही मरशील. माह्या लग्नाच्या आधी तुही तेरवी जेवा लागन मले! असं लगन कायले पाहिजे मले?"

मी तरी घंटा घ्यायला उठले. पण तिने मला घंटेपाशी जाऊ दिलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून म्हणजे बांधावरून गवत आणून ढोलीमागे टाकत राहिली. चोळून चोळून त्याचं पोट मोकळं झालं, रात्रीतून गवताच्या काड्या थोड्या थोड्या कमी व्हायला लागल्या. त्याचा जीव वाचला हो. माझा मात्र टांगलेलाच, कारण माझ्या ताटाकडे तो अजूनही बघत नव्हता. शेवटी सासूबाईंनी युक्ती केली. सांबाराची काडी माझ्या ताटाला लावायची आणि ढोलीमागे सरकवायची. त्यावर मी संध्याकाळी कसेबसे चार घास गिळत दिवस काढत होते.

अशात भाद्रपदातली गणेशचतुर्थी आली. पाटावर गणपती बसले. मी पहाटे दूर्वा खुडून, धुऊन, जुड्या बांधून पाटासमोर तबकात ठेवल्या आणि भिंतीला टेकून तशीच बसले. अंगात त्राण नव्हतं. उदबत्ती लावायची राहिली. घंटा वाजवायची राहिली. उजाडत होतं, घर शांत होतं.

ढोलीमागून दोन कान आले. मग नाक. ते सारखं हलणारं, कुणाशी तरी भांडत असल्यासारखं नाक. कापसू टुणटुण करत तबकाशी आला आणि गणपतीसमोर बसून दूर्वा खायला लागला.

कुरुकुरु, कुरुकुरु! एक जुडी संपली. दुसरी घेतली. मी श्वास रोखून पाहत होते. उठून हाकलावं की हात जोडावे? गणपतीचं पहिलं पान होतं ते! पण इतक्या दिवसांत त्याला असं पोटभर खाताना मी पाहिलंच नव्हतं. सगळं तबक साफ केलं आणि मग गड्याने काय करावं? हवेत उडी मारली! नुसती नाही, हवेतच अंगाला पीळ देऊन! पुन्हा मारली! घरभर उड्या मारत सुटला.

आणि भिंतीला टेकल्या टेकल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. घंटा! माझी मेलीची घंटा! कोवळ्या कानांच्या त्या जिवासमोर मी रोज घणघणाट करत होते, नाकाशी धूर करत होते आणि वर म्हणत होते, खा बाळा खा. भर दुपारी, त्याच्या झोपेच्या वेळी! तो काय रागावत होता? भीत होता बिचारा. मी येते आहे, पळा रे पळा, असं पाय आपटून सगळ्यांना सांगत होता. आणि सगळे म्हणजे कोण? तो एकटाच!

सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. मी म्हटलं, "बाई, देवाच्या आधी याने खाल्लं. आता?"

सासूबाई म्हणाल्या, "त्या देवाले उंदीर चालते, ससा नाही चालत?"

त्या दिवसापासून सगळं बदललं. दूर्वा म्हणजे गवतच की! आणि गवत असून देवाला चालणारं. 'बैल बांधला आहे का' म्हणून मी शकूला हिणवलं होतं, आता तिच्याच मागे धुऱ्यावर जाऊन दूर्वा खुडायला लागले. नेम असा होता की घास माझ्या ताटातला हवा. म्हणून मी पहाटे उठायची, स्नान करायची, माझ्या ताटात दूर्वांची जुडी वाढून घ्यायची, ताट जमिनीवर ठेवून मुकाट्याने बसायची. घंटा नाही, उदबत्ती नाही. कापसू यायचा, माझ्यादेखत खायचा, माझ्या पायाला हनुवटी घासून जायचा. मग मी दिवसभर मोकळी! चहा घ्या, पोहे घ्या, दुपारी वाढून घ्या.

एका पहाटे मात्र मी त्याला मान पोटाखाली घालून स्वतःचीच मऊ लेंडी खाताना पाहिलं आणि किंचाळत सासूबाईंकडे गेले. माझ्या ताटात तोंड घालणारा जीव, आणि हे? शकू म्हणाली, सशांना ते लागतंच, नाही खाल्लं तर अशक्त होतात. सासूबाईंनी फक्त विचारलं, "गाय उकिरड्यावर काय खाते, ते पाह्यलं का तू कधी? तिच्या पाया पडतेच ना?"

मी दूर्वा खुडायला निघाले.

गणपतीपासून कार्तिकापर्यंत मी मागचे सगळे उपास भरून काढले. अंग असं भरलं की चोळ्या उसवाव्या लागल्या.

पण घोळ तर पुढेच आहे! एका पहाटे यमुनाकाकू कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांना काय दिसलं? चूल पेटलेली नाही. मी ताटासमोर बसलेली. ताटात फक्त गवत! कापसू माझ्या पदराआड, तो कुणाला दिसणार?

त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या तडक घरी जाऊन बहिणीला पत्र लिहायला बसल्या. आणि त्यांची बहीण दिली होती कुठे? पवनीला!

कार्तिकी झाली. पवनीची मंडळी एसटीने आली. मथुराबाई, मुलगा आणि मुलाचे काका. मथुराबाई उंच, नाकात मोठी नथ, आवाज देवळातल्या घुमटासारखा. त्यांनी देवघर पाहिलं. मान हलवली. शकू पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तिच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या वहिनी कोण्या?" त्या म्हणाल्या. "दूर्वावर राहतात त्या?"

खोटं बोलायचं नाही, चातुर्मास नुकताच संपलेला. मी पुढे होऊन म्हटलं, "दूर्वावर मी नाही राहत हो. मी भात खाते. दूर्वा ससा खातो."

मथुराबाईंनी डोळे मिटले. मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा! केलेलं सांगत नाहीत. सशाचं नाव पुढे करतात."

"नाही हो, खरंच! दोन्ही वेळ जेवते मी. भाकरी, भात, सगळं! अंग पाहा ना माझं!"

"तेच पाहून राहिली," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "गवतावर इतकं अंग! हे अन्नाचं नाही बाई. हे व्रताचं तेज आहे."

आणि त्याच वेळी शकू हसली.

कशी हसली म्हणून सांगू! ट्रेमधले पोहे हलले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. हे खिडकीबाहेर पाहायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर ढेकरवाले मामा, गुणगुणणारा मुलगा, सगळे येऊन गेले. संपलं, मी मनात म्हटलं. चार महिन्यांचं सगळं पाण्यात.

तेवढ्यात आणखी एक हसू आलं. जाड, पुरुषी, आवरता न येणारं. मुलगा हसत होता! तो खाटेवर बसला होता आणि खाटेखाली वाकून पाहत होता. तिथे कापसू बसून दूर्वांची जुडी चावत होता, तिची दोन पाती तोंडाबाहेर लोंबत होती, मिशीसारखी. मुलाने सशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शकूकडे पाहिलं. त्या खोलीत या घोळातली गंमत कळलेली ती दोघंच होती आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

मथुराबाईंनी मुलाकडे पाहिलं. हा पोरगा, त्या नंतर म्हणाल्या, आजोबा गेल्यापासून असा हसलाच नव्हता.

"नारळ आणा," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षात लग्न लागलं. सासूबाई मांडवात रडल्या, मी रडले, शकू हसली. ती सुखात पडली, अजून आहे. तेव्हा नेम फळला की नाही, तुम्हीच ठरवा. मी तर फळला म्हणते.

पण मला फळ मिळालं ते वेगळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शकूच्या सासरी पवनीला पहिल्यांदा गेले. मथुराबाईंनी अख्ख्या आळीतल्या बाया जेवायला बोलावल्या होत्या. ओसरीत पाट मांडलेले, रांगोळ्या काढलेल्या. स्वयंपाकघरातून पुरणपोळीचा वास, कढीचा वास, पातोडीच्या रश्श्याचा झणझणीत वास! सकाळच्या एसटीत बसलेली मी, पोटात कावळे कोकलत होते. मला मधल्या, मोठ्या पाटावर बसवलं. सगळ्यांची पानं वाढून झाली.

मग माझं चांदीचं ताट आलं.

त्यात दूर्वा होत्या. धुतलेल्या, निवडलेल्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या. वर हळदीकुंकू वाहिलेलं.

मी समोर शकूकडे पाहिलं. ती वाकून रांगोळी निरखत होती आणि तिचे खांदे गदागदा हलत होते.

"शकू," मी दातओठ खाऊन कुजबुजले, "सांगितलं नाही का तू तुझ्या सासूबाईंना?"

"सांगतलं ना वहिनी. दहादा सांगतलं. त्या म्हणतात, वहिनीसारखीच हाय तूही, लपवते."

मथुराबाईंनी हात जोडले. त्यांच्यामागे साऱ्या बायांनी हात जोडले. पुरणपोळ्या निवत होत्या आणि कुणी पोळीला हात लावत नव्हतं.

"घ्या, सुमनबाई," मथुराबाई म्हणाल्या. "तुम्ही पहिला घास घेतल्याबिगर आमच्यापैकी कोणी जेवणार नाही."

काय करते? इतक्या सुवासिनी उपाशी ठेवू? मी एक जुडी उचलली, डोळे मिटले आणि चावली. गवत कसं लागतं, सांगू? गवतासारखंच लागतं. सगळ्यांनी समाधानाने पोळ्या मोडल्या. मी चावत राहिले, चावत राहिले आणि कशीबशी ताटाचा तळ दिसेल इतपत आले. म्हटलं, सुटले! आता तरी वाढतील पोळी.

मथुराबाई लगबगीने आत गेल्या आणि दूर्वांनी भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या.

"अवं, ताट रिकामं काहून दिसून राहिलं?" त्या म्हणाल्या. "लाजू नका व. आमच्या पवनीत आग्रहाशिवाय कोणी उठत नाही!"